पावती फाडणारी शाळा हवी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



पत्रास कारण की, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या शाळांत व्यवसाय शिक्षण येत आहे. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली पाठवायला सांगितलं. 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असं उद्दिष्ट ठेवलं. 2023 च्या शालेय शिक्षण आराखड्यानं कामाचे तीन प्रकार सांगितले: सजीवांबरोबरचं काम, यंत्र आणि साहित्याबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. हे सगळं वाचून मला मनापासून आनंद झाला आणि तितकीच काळजी वाटली. आनंद का, ते उघड आहे. काळजी का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात निदेशक होतो. मुलांना वेल्डिंग, वायरिंग, गवंडीकाम शिकवलं. आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडलो तेव्हा शाळेत शिकवीन असं वाटलं नव्हतं. ज्या विषयामुळे मी शाळेत आलो, तो विषय आमच्याच जिल्ह्यातल्या पाबळ गावी जन्माला आला. आज दिल्लीहून जे नवं म्हणून आपल्यापर्यंत पोहोचत आहे, ते आपल्या राज्यात चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. शासन निर्णय काढण्याआधी आपण एकदा पाबळचा इतिहास समजून घ्यावा, ही माझी पहिली विनंती.

पाबळ हे शिरूर तालुक्यातलं गाव. पुण्याहून साधारण सत्तर किलोमीटर. बाहेरच्या माणसाला ते मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असतं. आम्हा तालुक्यातल्या लोकांना माहीत आहे तो तिथला दुष्काळ. पाऊस कमी, जमीन हलकी, उन्हाळ्यात विहिरी तळ गाठणार. अशा गावात 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे एक शास्त्रज्ञ मुंबई सोडून राहायला आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर बरीच वर्षं हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह माळरानावर आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला.

आश्रम म्हटलं की कुणाला भजन-प्रवचन आठवेल. इथे होत्या त्या कार्यशाळा, शेत, गोठा आणि प्रयोगशाळा. आणि शिकायला आली ती शाळेतून गळालेली पोरं.

कलबागांचं म्हणणं साधं होतं. मूल मातृभाषा शाळेत जाऊन शिकत नाही, बोलत बोलत शिकतं. चालायला पडत पडत शिकतं. माणसाची शिकण्याची मूळची रीतच करून शिकण्याची आहे. शाळा ती रीत दाराबाहेर ठेवते आणि घोकंपट्टी आत घेते. ज्याला घोकणं जमत नाही, त्याला नापास म्हणते. मग तो पोरगा स्वतःलाच ढ समजायला लागतो. त्याच पोराच्या हातात पाना दिला आणि बंद पडलेलं इंजिन समोर ठेवलं, तर त्याची बुद्धी दिसते.

दुसरं म्हणणं गावाच्या अर्थकारणाचं होतं. आयटीआयमध्ये आम्ही एकेक ट्रेड शिकतो, कुणी वेल्डर, कुणी वायरमन, कुणी टर्नर. कारखान्यात ते चालतं, कारण तिथे आठ तास त्याच एका कामाला मागणी असते. खेड्यात रोज वेल्डिंगचं काम कुठून येणार? महिन्यात चार फाटकं, दोन नांगर, एखादी ट्रॉली. एकाच कसबावर गावात पोट भरत नाही, म्हणून शिकलेला पोरगा गाव सोडतो. म्हणून पाबळला बहुकौशल्याचं शिक्षण सुरू झालं. एकच माणूस बांधकामही करील, वायरिंगही करील, पाण्याचा पंपही दुरुस्त करील, मातीची तपासणीही करून देईल. मी स्वतः एकाच ट्रेडचा माणूस. हे म्हणणं माझ्या गळी उतरायला दोन वर्षं लागली. पण शाळेभोवतालची गावं पाहिली तेव्हा ते पटलं.

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा निवासी आहे, मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. दहावी नापास झालेला किंवा मध्येच शाळा सोडलेला मुलगाही तिथे जाऊ शकतो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. प्रत्येकानं चारही करायचे. मुलगी आहे म्हणून तिला फक्त शिवण आणि स्वयंपाक, मुलगा आहे म्हणून त्याला फक्त लोखंड, असली वाटणी नाही.

याच शिक्षणाचं शाळेतलं रूप म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय. 1980 च्या दशकातच राज्याच्या माध्यमिक मंडळानं तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. आमच्या वेळी त्याला सगळे व्ही-वन म्हणत. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस याच विषयाला द्यायचा आणि तेच चार विभाग करायचे. पुढे लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थेनं हात दिला आणि हा विषय शंभरावर शाळांत पोहोचला.

या विषयात मुलं काय करत, ते थोडं सांगतो. गाईच्या छातीचा घेर आणि शरीराची लांबी टेपनं मोजून, सूत्रात आकडे घालून, तिचं वजन काढत. त्या वजनावरून तिला खुराक किती द्यायचा ते ठरवत. शेतातली माती आणून तपासत. पर्जन्यमापकातलं पाणी रोज मोजून वहीत लिहीत. कलम बांधत. घराचं वायरिंग करत, अर्थिंगचा खड्डा घेत. विटांचं बांधकाम करत, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघत. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकत. शेंगदाण्याची चिक्की करून विकत. आणि प्रत्येक कामाच्या शेवटी एक रकाना असे: खर्च काढा. साहित्य किती लागलं, वीज किती, मजुरी किती, विकायचं कितीला.

महोदय, माझ्या दृष्टीनं या विषयाचा प्राण त्या शेवटच्या रकान्यात आहे. का, ते एका फाटकाच्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या शाळेमागच्या वस्तीवर एक आजी राहत. परसातल्या भाज्या शेळ्या खात म्हणून त्यांना लहानसं फाटक हवं होतं. चार फूट रुंद, तीन फूट उंच. नववीच्या पाच मुलांनी काम घेतलं, त्यात दोघी मुली. चौकटीला चौदा फूट अँगल लागला. मुलांनी मापं घेतली, हॅक्सॉनं तुकडे कापले, कानशीनं टोकं साफ केली. मी दुसऱ्या गटाकडे होतो. उत्साहाच्या भरात त्यांनी टॅक, म्हणजे नुसते टाके, मारून थांबायचं सोडून चारही कोपरे पूर्ण वेल्ड करून टाकले. वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. चौकट ओढली गेली. डोळ्याला ते कळत नव्हतं. पट्ट्या बसवल्या, रंग दिला, फाटक खांद्यावर घेऊन वरात निघावी तसे सगळे वस्तीवर गेले.

बिजागऱ्या बसवल्या आणि फाटक लावलं, तर एक कोपरा जमिनीला घासतो आणि कडी कोयंड्यात जात नाही. आजींनी दोन वेळा ढकलून पाहिलं आणि म्हणाल्या, “पोरांनो, हे मला नको. लागत नाही ते फाटक काय कामाचं?”

रागावून नाही, शांतपणे म्हणाल्या. पण त्या पाच मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. वहीतला प्रयोग चुकला असता तर मी लाल शाईनं खूण केली असती आणि मुलं ती विसरली असती. आजींच्या नकारावर लाल शाई चालत नव्हती.

फाटक परत शाळेत आलं. मी मुलांना एवढंच म्हटलं, “कर्ण मोजा.” एक कर्ण भरला पाच फूट एक इंच, दुसरा चार फूट अकरा इंच. चार आणि तीनच्या काटकोनाचा कर्ण पाच फूट हवा, दोन्ही बाजूंनी पाच. त्यातली एक मुलगी एकदम म्हणाली, “सर, हे तर पायथागोरस आहे!” तिनं ते प्रमेय पाठ केलं होतं, सोळा अधिक नऊ बरोबर पंचवीस तिला झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी ते तिला टेपवर दिसलं. आमचे गणिताचे सर दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन कार्यशाळेत आले आणि त्यांनी प्रमेय त्या वाकड्या फाटकावर शिकवलं.

मुलांनी ग्राइंडर लावून वेल्ड कापले. या वेळी आधी टॅक, मग गुण्या, मग दोन्ही कर्ण, आणि कर्ण जुळल्यावरच समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून पूर्ण वेल्ड. मग आली खर्चाची वही. वाया गेलेले रॉड, कापायची चकती, दुसऱ्यांदा दिलेला रंग, हे सगळं बिलात धरायचं का? एक मुलगा म्हणाला, धरायचं, खर्च तर झालाय. दुसरी म्हणाली, चूक आपली, आजींनी का भरायचं? अर्धा तास वाद चालला. शेवटी पाचही जणांनी ठरवलं की चुकीचा खर्च बिलात धरायचा नाही, आपल्या मजुरीतून वजा करायचा. नागरिकशास्त्राच्या तासाला प्रामाणिकपणावर मी असा वर्ग कधी पाहिला नाही.

फाटक लागलं. आजींनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, मोजून दिले आणि विचारलं, “पावती?”

आमच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. मी कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळालं की असे पैसे जमा करायला शाळेच्या हिशेबात लेखाशीर्षच नाही. फी, अनुदान आणि देणगी एवढेच मार्ग. मुलांनी केलेल्या कामाचा मोबदला कुठे लिहायचा, हे कुणाला सांगता येईना. शेवटी ती रक्कम देणगी म्हणून दाखवली गेली. आजींनी देणगी दिली नव्हती. त्यांनी किंमत दिली होती. हा फरक त्या मुलांना नीट कळत होता. आपली व्यवस्था तो ओळखत नाही, हे माझं दुःख आहे आणि या पत्राचं खरं कारणही तेच आहे.

आपल्याकडे हाताच्या शिक्षणाचा विचार काही नवा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांत हिशेब, आरोग्य आणि शेतीचं ज्ञान द्यावं, अशी मागणी केली होती. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन काढलं. तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगकाम आणि रसायनाचं शिक्षण देशी भाषेत देण्याचा आग्रह धरला, आणि त्याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका योजना उभी केली. कोठारी आयोगानं 1966 च्या अहवालात प्रत्येक मुलासाठी कार्यानुभव सांगितला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. त्यांनीच स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला. म्हणजे कागदावरची शिफारस आणि पाबळच्या माळावरचा प्रयोग यांच्यात थेट नातं आहे.

मग एवढं सगळं असून शाळांत काय उरलं? महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही विचारा, कार्यानुभवाच्या तासाला काय केलं. कागदाची फुलं, खडू, लोकरीचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. बहुतेक वेळा दुकानातून आणलेलं किंवा घरी आईनं करून दिलेलं. परीक्षेच्या दिवशी टेबलावर मांडलेलं आणि संध्याकाळी कचऱ्यात गेलेलं. शिक्षकांचा दोष नाही. ती फुलं कुणालाच नको होती, म्हणून ती चांगली होण्याचं काही कारण नव्हतं. ज्या वस्तूला घेणारा नाही, तिच्यातली चूक कुणी दाखवत नाही. आणि जी चूक कुणी दाखवत नाही, तिच्यातून कुणी शिकत नाही. कार्यानुभव तिथेच संपला.

मला भीती वाटते ती याची. उद्या शाळेत साहित्याचा संच येईल. ड्रिल मशिन, मल्टिमीटर, पाने, पकडी. मी अशी एक शाळा पाहिली आहे, जिथे संच आला, त्याची जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, हरवला तर कोण भरणार म्हणून कपाटाला कुलूप लागलं आणि तपासणीच्या दिवशीच ते उघडलं. पक्कडीला गंज चढला होता. मुलांनी ती कधी हातात धरली नव्हती. प्रात्यक्षिकाच्या वह्या मात्र पूर्ण होत्या, सुबक अक्षरात, आकृत्यांसह.

दुसरी भीती पालकांची आहे आणि ती मी फार आदरानं ऐकली आहे. एका बापानं मला तोंडावर विचारलं होतं, “सर, पोराला गवंडीच करायचं होतं तर शाळेत कशाला घातलं असतं? तो तर मी घरीच केला असता.” त्याच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. हाताचं काम गरिबाच्या आणि बहुजनांच्या पोराला आणि पुस्तकाचं काम दुसऱ्यांच्या, ही वाटणी या समाजानं फार काळ केली आहे. व्यवसाय शिक्षण फक्त जिल्हा परिषदेच्या आणि खेड्यांतल्या अनुदानित शाळांत आलं आणि शहरातल्या महागड्या शाळा त्यातून सुटल्या, तर तीच वाटणी सरकारी शिक्क्यानं परत येईल. म्हणून हा विषय सगळ्यांना हवा. डॉक्टरच्या मुलीनं ओळंबा धरावा आणि शेतमजुराच्या मुलानं हिमोग्लोबिन तपासावं. आणि हा विषय घेतला म्हणून विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यकाची वाट कुणालाही बंद होता कामा नये. त्या बापाला मी त्याच्या मुलाची खर्चाची वही दाखवली. टक्केवारी, क्षेत्रफळ, घनफळ, सगळं त्यात होतं. त्याचं समाधान झालं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तो वही बराच वेळ चाळत होता.

हाताचं शिक्षण म्हणजे मागासलेलं शिक्षण, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पाबळचाच आणखी एक दाखला. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांनी संगणकावर चालणाऱ्या छोट्या यंत्रांची प्रयोगशाळा कल्पिली, जिथे सामान्य माणूस हवी ती वस्तू स्वतः बनवू शकेल. तिला ते फॅब लॅब म्हणतात. 2002 मध्ये अमेरिकेबाहेर ती पहिल्यांदा उभी राहिली ती पाबळमध्ये. तिथल्या मुलांना आणि कार्यकर्त्यांना गावातल्याच अडचणी सोडवायच्या होत्या: दुधाची प्रत कशी तपासावी, इंजिन नीट चालतं आहे का ते कसं मोजावं. आज अशा प्रयोगशाळा जगभरात हजाराहून अधिक आहेत. पत्र्याची शेड असलेल्या माळावर एमआयटीला हे का करावंसं वाटलं? तिथे खऱ्या गरजांवर काम करणारी माणसं आधीपासून होती म्हणून. पाबळचा घुमट घ्या. अँगलचे त्रिकोण जोडून, जाळी लावून, वर सिमेंटचा गिलावा देऊन केलेलं ते घर. त्यात भूमिती आहे, साहित्यशास्त्र आहे आणि डोक्यावर छप्पर हवं असलेला माणूसही आहे. डॉ. कलबाग 2003 मध्ये गेले. त्यांच्यानंतरही आश्रमाचं काम चालू राहिलं, कारण ते भाषणांवर उभं नव्हतं.

आता मागण्या सांगतो. चारच आहेत आणि चारही आपल्या सहीनं होण्यासारख्या आहेत.

पहिली मागणी पावतीपुस्तकाची. प्रत्येक माध्यमिक शाळेला व्यवसाय शिक्षणासाठी वेगळा फिरता निधी ठेवू द्या. मुलांनी गावासाठी केलेल्या कामाची रीतसर किंमत घ्यायची, पावती द्यायची आणि ते पैसे पुन्हा साहित्यालाच लावायचे. त्याची मर्यादा ठरवा, हिशेब तपासा, पालकांच्या सभेत तो वाचून दाखवायला लावा. मुलांकडून कष्टाचं काम करून घेतलं जाऊ नये, धोक्याचं काम त्यांना देऊ नये, याचे कडक नियम करा. चष्मा, हातमोजे, वेल्डिंगची काच यांच्याशिवाय कार्यशाळेचं दार उघडू नका. पण किंमत घेण्याची मुभा द्या. आमच्या शाळेला देणगी घेता आली आणि किंमत घेता आली नाही, तसं पुन्हा होऊ देऊ नका.

दुसरी मागणी निदेशकाची. निदेशक वर्षभर शाळेत हवा आणि त्याचा पगार वेळेवर हवा. एजन्सीमार्फत दहा-अकरा महिन्यांसाठी नेमलेला, दर जूनला आपली नोकरी आहे की नाही हे फोन करून विचारणारा तरुण मुलांच्या हातात ग्राइंडर देण्याचं धाडस करणार नाही. त्याला कपाटाचं कुलूपच बरं वाटेल. पाबळनं एक चांगली रीत घातली होती: निदेशकानं शाळेच्या वेळेनंतर तीच कार्यशाळा वापरून स्वतःचा छोटा धंदा करावा. त्यामुळे त्याचं कसब गंजत नाही, यंत्र चालतं राहतं आणि मुलांसमोर धंदा करणारा जिवंत माणूस असतो. ही मुभा नियमात आणा. गावातला सुतार, मोटार रिवाइंडिंगवाला, रोपवाटिका चालवणारी बाई यांनाही मानधनावर शाळेत बोलवा. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण त्यांचा शिष्य गावात काम करत असेल. तो दाखला पुरेसा मानावा.

तिसरी मागणी पैशाच्या वेळेची. साहित्याचे पैसे जूनमध्ये द्या. ते मार्चमध्ये आले तर मार्चअखेर बिलं लागतात आणि मुलं परीक्षेला बसलेली असतात. रॉड, वायर, सिमेंट, बियाणं या रोज संपणाऱ्या वस्तू आहेत. एकदाच दिलेल्या महागड्या संचापेक्षा दर महिन्याला मिळणारं थोडं कच्चं साहित्य मुलांना जास्त शिकवतं.

चौथी मागणी परीक्षेची. बहुपर्यायी प्रश्नांवर या विषयाचे गुण देऊ नका. मुलानं केलेली वस्तू किंवा दिलेली सेवा, तिचा आराखडा, खर्चाची वही आणि घेणाऱ्याचा अभिप्राय, यावर गुण द्या. आणि एक रकाना चुकीसाठी ठेवा: काय चुकलं आणि कसं दुरुस्त केलं. ज्या वहीत एकही चूक लिहिलेली नाही, ती वही परीक्षकानं जास्त बारकाईनं पाहावी.

या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही. विश्वास लागतो. शाळेवर, निदेशकावर, गावावर आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर. पाबळनं शाळेतून बाहेर फेकलेल्या मुलांवर हा विश्वास ठेवला आणि त्यांनी तो सार्थ केला.

महोदय, आपण राज्यभर दौरे करता. एखाद्या शाळेत आपल्यासाठी व्यवसाय शिक्षणाचं प्रदर्शन मांडतील, टेबलावर स्वच्छ कापड अंथरतील, मुलं गणवेशात उभी राहतील. तेव्हा एखादी वस्तू उचला आणि ती बनवणाऱ्या मुलाला दोनच प्रश्न विचारा: “हे कुणासाठी केलंस? त्यांनी कितीला घेतलं?” मुलगा शिक्षकांकडे बघू लागला, तर समजावं की कपाटाला कुलूप आहे. आणि त्यानं माणसाचं नाव सांगितलं, रक्कम सांगितली, पहिल्या खेपेला काय बिघडलं होतं तेही सांगू लागला, तर कृपया थोडा वेळ थांबा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.

आजींच्या परसाचं ते फाटक अजून लागतं. मी त्या बाजूनं गेलो की एकदा उघडून बंद करून पाहतो. कडी सरळ कोयंड्यात जाते.



आपला,
एक निवृत्त निदेशक
पुणे जिल्हा